बोर्डिंगातला रविवार

पहाटेचे पाच. वीज काल रात्री गेली ती अजून आलेली नाही. व्हरांड्याच्या टोकाला मावशींनी बंब पेटवलाय. लाकूड ओलं असल्यानं धूर पत्र्याखालीच घुटमळतो आणि आमच्या डोळ्यांत शिरतो. जुलै निम्मा सरल्यावर राधानगरीत कोरडं काही मागायचंच नसतं.

बंबासमोर बादल्यांची रांग आहे. मुली अजून अंथरुणात, पण बादल्या रात्रीपासूनच उभ्या. प्रत्येकीला अर्धी बादली कढत पाणी मिळतं, त्यात अर्धी गार घालून घ्यायची. आठवीच्या मुलींचा नंबर सगळ्यांत आधी. हा नियम कुठल्या पाटीवर लिहिलेला नाही. मी आठवीत आले तेव्हा बारावीच्या एका मुलीनं मला खांद्याला धरून पुढं ढकललं होतं. आता मी अकरावीत आहे, ढकलायचं काम माझ्याकडं आलंय.

“ए वाड्यावरची, सरक पुढं. पाणी निवतंय.”

बोर्डिंगात नाव मागाहून कळतं, आधी गाव. मी दाजीपूरची. आमच्या खोलीत तारळ्याच्या दोघी, एक धामोडची, एक ओलवणची, मी, आणि ही धनगरवाड्यावरची. शाळा सुरू झाली त्या दिवशी बापाच्या मागनं पत्र्याची पेटी घेऊन आली. तेरा वर्षांची. वाडा कुठं आहे म्हणून विचारलं तर म्हणाली, “तुमास्नी न्हाई कळायचं. रस्ता सपला की फुडं हाय.” मला कळलं. माझंही घर असंच, रस्ता संपल्यावर थोडं पुढं आहे.

पहिले पंधरा दिवस ती रात्री रडायची. आवाज अजिबात नाही. पण आमच्या कॉटा लोखंडी आहेत, अंग हुंदक्यानं हललं की पट्टी करकरते. मी तिला गप बस म्हणायची नाही. सांगून थांबणारं ते रडणं नसतं. माझं स्वतःचं गणपतीपर्यंत चाललं होतं. मी फक्त दोन कॉटांच्या मधल्या फटीतून हात सोडून ठेवायची. थोड्या वेळानं बोट धरलं जायचं आणि कॉट गप व्हायची.

आज ती अंघोळ करून पळतच खोलीत येते. ओठ निळे पडलेत, पण चेहरा उजळलाय. आज रविवार, भेटायचा दिवस.

खोलीत दोऱ्यांचं जाळं आहे. गणवेश, टॉवेल, परकर, मोजे, सगळं लटकलंय आणि काहीच वाळलेलं नाही. तीन दिवसांपूर्वी धुतलेला सलवारीचा पाय पिळला तर अजून थेंब पडतो. कपड्यांना एक वास येतो, दमट, आंबूस. पावसाळ्यात वर्गात बसलं की त्या वासावरनं बोर्डिंगातल्या मुली ओळखू येतात, असं गावातल्या एका पोरीनं मला नववीत तोंडावर सांगितलं होतं. त्या दिवसापासनं मी तांब्यात निखारे भरून गणवेश शेकते. तारळ्याची थोरली आत्ता तेच करतेय. फडक्यात धरलेला तांब्या कॉलरवरनं फिरतो, वाफ निघते, आणि आम्ही सगळ्या त्या वाफेवर हात धरतो.

आठला पोहे आणि चहा. मग डोकी. रविवारी तेल, फणी आणि उवा, यातनं कुणाची सुटका नाही. वाड्यावरची, आमच्या खोलीतली धाकटी, माझ्या पुढ्यात पाय पसरून बसलीय. तिच्या हातात माझ्या भाषणाचा कागद. २६ जुलैला शाळेत वक्तृत्व स्पर्धा आहे. १९०२ साली त्याच तारखेला शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. माझा विषय महाराजांची वसतिगृहं. मी विंचरायचं, तिनं विचारायचं, असं ठरलंय.

“व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग?”

“१८ एप्रिल १९०१.”

“जैन बोर्डिंग?”

“तेच साल.”

“मुसलमान बोर्डिंग?”

“१५ नोव्हेंबर १९०६. मग १९०७ ला लिंगायत. १४ एप्रिल १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. मुंबईच्या गव्हर्नरच्या मुलीचं नाव दिलं त्याला. त्याच साली शिंप्यांच्या मुलांसाठी नामदेव बोर्डिंग.”

“बराबर.” ती कागदावर बोट ठेवून तपासते. मग मान वर करते, फणी केसांत तशीच अडकते. “ही समदी जातीजातीची का वो ताई? आमी तर हितं एकाच खोलीत हाय.”

हे माझ्या कागदावर आहे, पण ती विचारेपर्यंत मी ते नुसतं पाठ करत होते. आता तिला समजेल असं सांगावं लागतं. “१८९६ ला महाराजांनी कोल्हापुरात सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढलं होतं. पण तिथं हळूहळू पुढारलेल्या जातीचीच मुलं भरली. बाकीची आलीच नाहीत, आली ती टिकली नाहीत. मग त्यांनी ज्याच्या त्याच्या समाजातल्या कर्त्या माणसांना गाठलं. तुमच्या पोरांसाठी तुम्ही काढा, जागा देतो, पैसा देतो म्हणाले. आपली माणसं चालवतात म्हटल्यावर आईबापांनी पोरं धाडली.”

“म्हंजी आदी पोरगं घरातनं भायेर काडायचं.”

“व्हय.”

ती पुन्हा कागदाकडं बघते. वरनं खाली, मग खालनं वर.

“आनी पोरींचं कुटलं?”

मी कागद हातात घेते. मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, शिंपी, सोनार. पुढंही आहेत, पार १९२० पर्यंत. एवढी वसतिगृहं काढली म्हणून कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात, हे वाक्य मी भाषणाच्या शेवटी टाळ्यांसाठी ठेवलंय. जननी म्हणते मी, पण कागदावरच्या यादीत मुलींचं एकही नाही. दहा दिवस ही यादी मी घोकतेय आणि माझ्या हे ध्यानात आलं नाही. तेरा वर्षांच्या पोरीच्या आलं.

सकाळ सरते ती याच विचारात. महाराजांना मुलींच्या शिक्षणाची काळजी नव्हती असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. १९१८ साली त्यांचा धाकटा मुलगा, प्रिन्स शिवाजी, शिकारीत गेला. मागं राहिलेल्या सूनबाई इंदुमतीदेवी तेव्हा कोवळ्या वयाच्या. विधवा सुनेला शिकवायला राजवाड्यातल्याच लोकांचा विरोध होता. महाराजांनी तिला सोनतळीच्या कॅम्पवर ठेवलं, शिक्षक नेमले, आणि एकटी पडू नये म्हणून सोबतीला तिच्या वयाच्या मुली आणून ठेवल्या. इंदुमतीदेवी पुढं मॅट्रिक झाल्या. मला ते शिक्षकांपेक्षा सोबतीच्या मुली आणणं जास्त मोठं वाटतं. घर सोडून शिकणाऱ्या पोरीला रात्री काय लागतं हे त्या माणसाला माहीत होतं.

आणि हे गाव! राधानगरी हे नाव महाराजांनी आपल्या मुलीवरनं ठेवलं. राधाबाई, अक्कासाहेब, त्या पुढं देवासच्या महाराणी झाल्या. वरच्या धरणाच्या पाण्याला लक्ष्मी तलाव म्हणतात, ते राणीसाहेबांचं, लक्ष्मीबाईंचं नाव. लेकीच्या नावाचं गाव, तिच्या आईच्या नावाचं पाणी, आणि त्या दोन्हींच्या मध्ये आम्ही चाळीस पोरी कपडे वाळवत बसलोय. भाषणाची सुरुवात इथनं करायची, हे मी फणी ठेवता ठेवता ठरवते.

“मॅडम, मी भाषण बदलतो,” मी ऑफिसात जाऊन सांगते.

गृहपाल मॅडम चष्म्यावरनं बघतात. “बदलते.”

“बदलते.”

आमच्याकडं बायका ‘मी येतो, मी जातो’च म्हणतात. आई म्हणते, आजी म्हणते. स्टेजवर मात्र ‘येते, जाते’ म्हणायचं. मला दोन्ही येतं आणि त्यातलं एकही मी सोडणार नाही.

दहानंतर माणसं यायला लागतात. फाटकाशी पहिली छत्री धामोडकरांची. मग तारळ्याच्या पोरींची आई, तिच्या पिशवीत चटणीचा डबा. चटणी म्हणजे कांदा-लसणाचं लाल तिखट. घरची चटणी असली की बोर्डिंगची कसलीही आमटी खाली उतरते. डबा उघडल्याबरोबर व्हरांडाभर वास सुटतो. एकीची चटणी आली की आठ दिवस सगळ्यांचीच.

रोपलागणीचे दिवस आहेत. ज्यांची भातं आहेत त्यांना आज यायला जमलेलं नाही, त्या पोरींना ते माहीत आहे. तरी त्या फाटकाकडं बघायचं सोडत नाहीत. माझीही आई येणार नाही. ती या घटकेला कुणाच्या तरी चिखलात वाकून तरवा लावत असेल, पाठीवर इरलं. परवा मावशींच्या फोनवर बोललो. “पाणी लई हाय गं,” एवढंच चारदा म्हणाली.

पाणी खरंच लई आहे. आठ दिवस सूर्य दिसलेला नाही. दाजीपूरच्या जंगलातनं येणारा प्रत्येक ओढा तांबडा होऊन धरणाकडं धावतोय. सकाळी मावशींनी फोनवर वाचून दाखवलं, पातळी ३४६ फुटांच्या वर गेली. ३४७.५० ला धरण भरतं. सात स्वयंचलित दरवाजे आहेत, पाणी त्या रेषेला टेकलं की आपोआप उघडतात. कुठला आधी, यावर रात्री पैजा लागल्यात. चपातीच्या पैजा.

धाकटी पायरीवर बसलीय. अकरा वाजतात. बारा वाजतात. जेवणाची घंटा होते, आज अंड्याचं कालवण आहे, ती उठत नाही. मी तिचं ताट झाकून ठेवते. एक वाजतो. तिच्या वाटेत दोन ओढे आहेत. खालच्यावर साकव आहे, वरच्यावर नुसते दगड. शिवाय धुकं असलं की गवे वाटेवरच उभे राहतात. गव्याला हाकलायचं नसतं, तो जाईपर्यंत आपण थांबायचं. माझे वडील एकदा दीड तास थांबले होते. आमचं जंगल १९५८ पासनं अभयारण्य आहे, २०१२ ला जागतिक वारशाच्या यादीत गेलं. गवे बघायला लांबनं लोक येतात. आमच्या पोरी त्याच गव्यांमुळं शाळेला उशिरा पोचतात, किंवा पोचतच नाहीत. जंगल राहिलं पाहिजे, गवाही. म्हणून तर मुलीला झोपायला शाळेजवळ एक कॉट पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे.

दोनच्या सुमाराला फाटकाशी घोंगडं दिसतं.

धाकटी पळत नाही. उभी राहते फक्त. बाप फाटकातनं आत येतो, पायताण हातात, गुडघ्यापर्यंत चिखल. घोंगड्याच्या खोळीतनं पाणी निथळतंय. व्हरांड्याच्या पायरीशी येऊन तो थांबतो. पुरुष पाहुण्यांनी पायरीच्या वर यायचं नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगितलंय. मॅडम खुर्ची बाहेर पाठवतात, तो खुर्चीवर बसत नाही.

“आलो बग,” तो म्हणतो.

“व्हय.”

“जेवतीस न्हवं?”

“व्हय.”

“थोरल्या वड्याला पानी लई. वाईच उतरूस्तवर थांबलो.” तो खोळीतनं फडक्याची पुरचुंडी काढतो. नाचणीच्या भाकरी, तुपाची बाटली, आणि प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळलेली तिची लाल रिबन, ती घरी विसरली होती ती. रिबन तेवढी कोरडी आहे.

आता रडेल, असं मला वाटतं. मी जरा लांब, दारात उभी आहे. ती रडत नाही. ती विचारते, “करडू उटलं का?”

“उटलं. दूद पितंय.”

मग दोघं गप्प. पाऊस पत्र्यावर एवढा वाजतोय की गप्प असणं कळतही नाही. थोड्या वेळानं तो म्हणतो, “कुटं निजतीस ती जागा बगाय पायजे हुती. तुजी आय इचारती, भित्तीकडंला निजती का दाराकडंला.”

ही अडचण आहे. आत यायला बंदी. धाकटी माझ्याकडं बघते, मी मॅडमकडं. मॅडम क्षणभर विचार करतात आणि म्हणतात, “मागच्या अंगणातनं खिडकी उघडा की.”

मी खोलीत पळते, दोऱ्यांवरचे कपडे भराभर बाजूला सारते, खिडकीच्या फळ्या फुगल्यात त्या दोन्ही हातांनी ढकलते. बाहेर तो घोंगडं घेऊन उभा आहे, पागोळ्यांच्या पलीकडं. धाकटी आपल्या कॉटवर चढून बसते. मग आडवी होते, पाय लांब करते, निजून दाखवते. भिंतीकडं तोंड करते, कूस बदलते. “ही माजी कॉट,” तिथनंच ओरडते. “ही ताईची. रातीला ताई हात देती.”

बाप बघतो. कॉट बघतो, मग माझी कॉट, मग मधली फट. बराच वेळ बघतो. मला कुठं बघावं कळत नाही, मी फळी धरून उभी राहते.

परत पायरीशी आल्यावर त्याच्या मनातलं खरं बाहेर येतं. “गावात म्हणत्यात, धरन भरलं. दारं उगाडली तर हितं पानी शिरंल का गं? कोन उगडतं त्ये? रात्रीचं मानूस निजलं तर?”

आता धाकटी उभी राहते आणि बोटं मोजत सांगायला लागते. मी बघतच राहते. “मानूस लागत न्हाई आबा. सात दारं हायती, आपल्याआपन उगाडत्यात. ३४७ फूट आनी अर्दा. एका दारातनं १४२८ क्युसेक. क्युसेक म्हंजी एका सेकंदाला तेवढं घनफूट पानी. त्ये भोगावतीतनं खाली जातंय, मग चिखलीला बाकीच्या नद्या गावत्यात, फुडं पंचगंगा. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांला इशारा आनी ४३ ला धोका. धोका तकडं हाय. हितं न्हाई. आमी उंचावर हाय.”

पहिल्या आठवड्यात पत्र्यावर फांदी पडली तर ही माझ्या पांघरुणात शिरली होती.

बाप ऐकतो. सगळं त्याला उमगलं असेल असं नाही. पण लेक न अडखळता सांगतेय हे त्याला उमगलंय. तो मॅडमकडं वळतो, आणि पहिल्यांदाच त्यांच्याशी आपणहून बोलतो.

“बाई, हिची थोरली हाय घरात. सातवी झाली. हुशार हुती, हिच्यापरास हुशार. वड्याला पानी आलं त्या सालाला आमी बंद केली तिची शाळा. मला म्हाईत न्हवतं हितं ऱ्हायची सोय हुती म्हनून. आता सतरावं लागलंय तिला. चुकलं आमचं. आता तिला कोन घील?”

पाऊस जरा ओसरलाय, त्यामुळं हे सगळ्या व्हरांड्याला ऐकू जातं. तारळ्याची आई चटणीच्या डब्याचं झाकण लावता लावता थांबते. शंभर वर्षांपूर्वी, १९१७ साली महाराजांनी सक्तीचा मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला तेव्हा पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड होता. हे माझ्या भाषणात आहे, आणि ते वाक्य मी जोरात म्हणायचं ठरवलं होतं. या माणसासमोर ते मला जोरात म्हणता येणार नाही. त्याला दंड करून काय मिळेल? इथं सोय आहे हे तेव्हा त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मॅडम सांगतात, “वर्गात नाही बसता येणार तिला आता. पण सतरा नंबरचा फॉर्म भरता येतो. बाहेरनं दहावीला बसायचं. पाचवी पास पाहिजे आणि चौदा वर्षं पुरी पाहिजेत, दोन्ही आहे तिचं. दाखला आहे ना शाळा सोडल्याचा?”

“आसंल. तिच्याच पेटीत आसंल.”

“तो घेऊन या. पुढच्या रविवारी तिलाही आणा.”

मॅडम चिठ्ठीवर ‘१७ नंबर फॉर्म, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड’ असं लिहून देतात. रिबन ज्या प्लॅस्टिकमधून आली, त्याच प्लॅस्टिकमध्ये तो ती चिठ्ठी घालतो, दोनदा दुमडतो आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवतो. “पुस्तकं?” तो फाटकाशी जाऊन परत वळून विचारतो.

“माजी देतो की,” मी म्हणते. माझी दहावीची पुस्तकं कॉटखालच्या पेटीत आहेत. पानांना बुरशीचे ठिपके पडलेत, पण अक्षर न् अक्षर शाबूत आहे.

चारला भेटीची वेळ संपते. साडेचारला दाजीपूरकडची गाडी जाते. ती चुकली तर उजेडात ओढा गाठता येत नाही, म्हणून तो मागं न बघता जातो. धाकटी त्याला वळणापर्यंत बघते आणि मग येऊन दुपारचं झाकलेलं ताट खाते. गार कालवण, वर नाचणीची भाकरी. अर्धी मला.

रात्री नऊला हजेरी. वीज आलेली आहे, पण मिणमिणती. अभ्यासाच्या तासाला मी भाषण पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिते. तिची तारखांची उजळणी अजून चाललीय, आता तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. धरणाच्या तारखा तेवढ्या ती मला विचारते. धरणाला हात घातला महाराजांनीच. पैसा अपुरा पडला, मध्ये पहिलं महायुद्ध आलं, १९२२ च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा काम अर्धवट होतं. पुरं व्हायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं, त्याच्यापुढचीही काही वर्षं गेली.

“म्हंजी त्येनी भरल्यालं बगितलंच न्हाई?”

“न्हाई.”

दिवे मालवल्यावर मावशी दारात येतात, हातात फोनचा उजेड. “पोरींनो, उगाडला. सा नंबरचा.” ओलवणची पैज जिंकते, तिच्या दोन चपात्या झाल्या. आम्ही कान देऊन ऐकतो. धरणाचा आवाज आहे की पावसाचा, इथनं कळत नाही. धाकटीची कॉट गप आहे, तरी मी हात फटीतून सोडते. बोट धरलं जात नाही. ती झोपलीय.

हे वाचणाऱ्यांना मला एक सांगायचंय. पाऊस संपला की तुमच्यातले बरेच जण धरण बघायला, गवे बघायला या रस्त्यानं वर याल. रस्ता संपतो तिथं चहाला थांबाल. चहा देणारी पोरगी शाळेत जात नसेल तर तिला दोन गोष्टी सांगा. सातवी झालेली असली तर जूनमध्ये तालुक्याच्या वसतिगृहाचा अर्ज भर. वय निघून गेलं असलं तर सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बस. कागदावर लिहूनच द्या, आणि तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून द्या. इथं पाऊस फार असतो.